हलत्या आकारांचा पोत

आमच्या टेंभुर्णीच्या पट्ट्यात ‘पोत’ हा शब्द सर्वांत आधी जमिनीला लागतो. उजनीचे पाणी आले, ऊस आला, पाणी देण्याला धरबंध राहिला नाही आणि कित्येक रानांचा पोत गेला, असे आमच्याकडचा कोणताही शेतकरी सांगेल. दुसरा पोत कापडाचा. लुगडे घेताना जुन्या बायका काठ बघण्याआधी पदराचे टोक अंगठा आणि तर्जनीत धरून चोळत, ते पोत कळावा म्हणून. तिसरा पोत तुळजापूरच्या भवानीचा, गोंधळात पेटवून नाचवतात तो. आणि ती पोत, स्त्रीलिंगी, काळ्या मण्यांची, गळ्यातली. शेवटच्या दोघांचा या लेखाशी संबंध नाही. पण कोश उघडला की तीही सोबत येतात, म्हणून नोंदवून ठेवतो.

मला लिहायचे आहे ते आणखी एका पोताविषयी. संगणकावर हलती चित्रे करणारी मुले त्याला ‘टेक्श्चर’ म्हणतात. टेंभुर्णी हे पुणे–सोलापूर महामार्गावरचे गाव. बाजार, एमआयडीसी, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि फ्लेक्सची दुकाने. अलीकडे या दुकानांत फ्लेक्सच्या जोडीने लग्नपत्रिकेचे व्हिडिओही होतात. वधूवरांची नावे पडद्यावर सरकत येतात, आणि अक्षरांच्या आत रंगाऐवजी पैठणी भरलेली असते. अशाच एका दुकानात मी बसलो असताना नवरीची आजी व्हिडिओ बघायला आली होती. दोनदा बघून ती म्हणाली, “आरं बाळा, लुगडं जाग्यावर अन् बाई फुडं गेली की रं!” मुलगा हसला. “व्हय आजी, पेरेंट करायचं राह्यलंय,” म्हणाला आणि दोन मिनिटांत त्याने ते दुरुस्त केले. अक्षरे सरकत होती, पण त्यांच्यातले मोर जागच्या जागी उभे होते, हे आजीने नेमके टिपले होते.

हा दोष म्हणायचा की नाही, हा माझ्या मते चांगला ऐतिहासिक प्रश्न आहे.

आधी यंत्राचे काम समजून घेऊ. संगणकाला आकार आणि पोत या दोन वेगळ्या वस्तू वाटतात. आकार म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा. त्याला स्वतःचे माप नसते. तो नखाएवढा करा की भिंतीएवढा, कडा तेवढीच धारदार राहते. पोत म्हणजे बहुधा एखादे छायाचित्र, मोजक्या ठिपक्यांचा चौकोन. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन थर एकावर एक ठेवतात आणि खालचा थर वरच्याच्या आकारापुरताच दिसेल अशी सोय करतात. तिला ट्रॅक मॅट म्हणतात. ट्रकवर नाव रंगवणारा अक्षरे कापलेला पत्रा वापरतो, तसला पत्रा रंगीत भिंतीसमोर धरावा तसे हे आहे. पत्रा सरकवला म्हणून भिंत सरकत नाही. पोताने आकारामागे जावे असे वाटत असेल तर आकाराचा थर त्याला ‘पेरेंट’ म्हणून नेमून द्यावा लागतो. मग पोर बापामागे जाते. तिसरा मार्ग असा : सेकंदाला २४ चित्रे धावत असतील, तर दर तिसऱ्या चित्राला पोत किंचित फिरवायचा किंवा सरकवायचा. तो सेकंदाला ८ वेळा बदलतो आणि प्रत्येक चित्र कोणी हाताने रंगवल्याचा भास होतो.

म्हणजे पोत आकाराला बांधता येतो, पडद्याला बांधता येतो किंवा थरथरता सोडता येतो. मुलाने काही सांगितले नाही तर यंत्र आपल्या मनाचे काहीतरी धरून चालते. यंत्र येण्याच्या कितीतरी आधी या तिन्ही वाटा आपल्याकडच्या कारागिरांनी हाताने चालून पाहिल्या होत्या, आणि त्या का निवडल्या हे त्यांच्या कामातच दिसते.

पडद्यावरच्या हलत्या आकृतीत पोत भरण्याचे महाराष्ट्रातले जुने काम पाहायचे तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जावे लागते. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी अशा कला सांभाळल्या. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गोठ्याचे संग्रहालय केले, त्याचे नाव ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांपैकी चामड्याची बाहुली माझ्या विषयाच्या अगदी जवळची. कातडे पातळ करून, आकृती कापून, रंगवून तिला बारीक भोके पाडतात. पांढरे कापड ताणायचे, मागे दिवा ठेवायचा, मध्ये बाहुली धरायची. उजेड त्या भोकांतून येतो आणि पडद्यावर दागिने, काठ, मुकुट यांच्या ठिपक्यांच्या रांगा उमटतात. इथे पोत म्हणजे नसलेले कातडे. तो आकृतीतच कोरलेला असल्यामुळे तिच्याबरोबर जाण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. बाहुली पडद्यापासून दिव्याकडे नेली की सावली मोठी होते, आणि त्याच प्रमाणात ठिपकेही मोठे आणि पुसट होतात. आकार आणि पोत यांचे माप एकत्र बदलते. आजच्या भाषेत बोलायचे तर पिंगुळीच्या बाहुलीत पेरेंट करणे राहून जाणे शक्यच नाही.

पण त्याच समाजाच्या चित्रकथीत दुसरी वाट सापडते. चित्रकथीची चित्रे सुटी असतात. एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे ‘पोथी’. सांगणारा गात गात एकेक चित्र पुढे ठेवतो. या चित्रांतली वस्त्रे नीट पाहावीत. पाय पुढे पडलेला असतो, गुडघा वाकलेला असतो, पण धोतरावरच्या किंवा लुगड्यावरच्या रेघा आणि ठिपके गुडघ्याबरोबर वळत नाहीत. ते सपाट, सरळ, कागदाच्या कडेला समांतर राहतात. पश्चिम भारतातल्या जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांतही असेच दिसते. जणू नक्षीचे एक अखंड कापड कागदामागे पसरले आहे आणि आकृती ही त्याला पाडलेली खिडकी आहे. घडीचे ज्ञान नव्हते म्हणून असे झाले, असे म्हणणारे कलासमीक्षक होऊन गेले. मला ते पटत नाही. ज्यांनी बाहुलीत पोत आकृतीला जखडला त्यांनीच चित्रात तो मोकळा सोडला असेल, तर त्यांना दोन्ही अवगत होते. चित्र दिवा लावलेल्या अंगणात, गर्दीतून, लांबून पाहायचे असते. घडीप्रमाणे वळवलेली नक्षी लांबून चिखल होते. सपाट नक्षी वाचता येते.

आता चित्रपटाकडे. दादासाहेब फाळके यांची गोष्ट १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून सांगण्याचा प्रघात आहे, पण त्याआधीची कित्येक वर्षे ते छायाचित्रणात आणि छापखान्यात होते. लोणावळ्याचा छापखाना, शिळाछाप, हाफटोन ठोकळे ही त्यांची उमेदवारी. हाफटोनमध्ये करडा रंग नसतोच. काळ्या ठिपक्यांचे लहानमोठेपण डोळ्याला फसवते. छटा म्हणजेच पोत, आणि तो कागदाला पक्का बांधलेला. हे ज्याच्या हातात मुरले होते त्या माणसाने १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. त्यात आगपेटीच्या काड्या एकेक चित्राने सरकवून हलत्या केल्या होत्या. चित्र न काढता खरी वस्तूच हलवायची म्हटले की पोताचा प्रश्नच उरत नाही. लाकूड आपला पोत घेऊनच हलते.

चित्रपटाच्या फितीला मात्र स्वतःचा एक पोत असतो, आणि तो कोणत्याच आकाराचे ऐकत नाही. चांदीच्या क्षारांचे कण प्रत्येक चित्रात नव्या जागी असतात. नट चालतो, कण त्याच्याबरोबर चालत नाहीत, जागेवरही थांबत नाहीत, नुसते उसळत राहतात. तिसरी, थरथरती वाट ती हीच. डिजिटल कॅमेऱ्याने हे कण गेले तेव्हा लोकांना चुकल्यासारखे वाटू लागले, आणि आज व्हिडिओ करणारी मुले स्वच्छ चित्रावर मुद्दाम ‘ग्रेन’ टाकतात.

हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये पोत जवळजवळ हद्दपार झाला, त्याचे कारण अर्थशास्त्रातले आहे. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत अर्ल हर्ड याने पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर पात्र काढून ते एकाच पार्श्वभूमीवर ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट मागितले. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची, म्हणून तिच्यात हवे तेवढे गवत, भिंतीचे पोपडे, ढग. पात्र मात्र सेकंदाला बारा किंवा चोवीस वेळा काढायचे; त्यात रेघारेघांची छाया भरली तर ती प्रत्येक चित्रात थोडी वेगळी पडणार आणि पडद्यावर पात्राचे अंग उकळल्यासारखे दिसणार. म्हणून पात्रात पाठीमागून सपाट रंग भरायचा. पोत मागे, सपाटपणा पुढे, अशी विभागणी झाली आणि तीच कार्टूनची ओळख ठरली. अपवाद महाग पडत. डिस्नेच्या १९६१ च्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या चित्रपटात प्रत्येक कुत्र्याचे ठिपके त्याच्या अंगाबरोबर हलायला हवे होते. सगळ्या चित्रपटात मिळून साठ लाखांहून जास्त ठिपके काढले, असा हिशेब स्टुडिओने जाहिरातीत मिरवला.

ही पद्धत आपल्याकडे शिस्तीने आली ती मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. त्याआधी पुण्यात प्रभातने १९३४ साली ‘जंबूकाका’ केला होता, पण तो सुटा प्रयोग राहिला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईला आले, त्यांनी कार्टून विभागातल्या तरुणांना शिकवले आणि १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ हा जातककथेवरचा चित्रपट तयार झाला. राम मोहन हे त्या तरुणांपैकी एक. पुढे १९७४ मध्ये विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ केला. चित्रे भीमसेन यांची, संगीत वसंत देसाई यांचे. दूरदर्शनवर तो न पाहिलेला माझ्या वयाचा माणूस विरळा. साध्या रेषा, सपाट रंग. आमच्या पिढीला ‘कार्टून म्हणजे सपाट’ हे असे पाठ झाले. हातात आलेली परंपरा पिंगुळीची नव्हती, सेल्युलॉइडची होती, एवढेच मला म्हणायचे आहे.

संगणकाचा रस्ता मात्र कापडावरून गेला, आणि तो आमच्या जिल्ह्यातून जातो. सोलापुरी चादर जकार्डवर विणतात. फ्रान्समध्ये जकार्ड याने १८०४ साली पुढे आणलेल्या त्या यंत्रात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ असते. जिथे भोक तिथे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक पट्टी. सोलापुरातल्या पद्मशाली विणकरांनी या यंत्रावर जे साधले त्याची ख्याती सांगायला नको. भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळवणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या मालांत ही चादर आहे. माझा मुद्दा चादरीच्या नकाशाचा. डिझाइन काढणारा आधी चौकटीच्या कागदावर फुलाची बाहेरची रेषा काढतो आणि मग आतले घर भरतो. ते घर नुसते लाल रंगवून चालत नाही. एक चौकट म्हणजे ताणा आणि बाणा यांची एक भेट. सगळ्या चौकटी सारख्या भरल्या तर त्या जागी धागा कुठेच न अडकता लांबवर मोकळा सुटतो, नखात अडकतो, तुटतो. म्हणून आकाराच्या आत ठरावीक अंतरावर धागा बांधणारी वीण भरावी लागते : साधी, तिरकी किंवा साटीनची. जकार्डमध्ये पोत ही सजावट नाही. पोत नसेल तर आकार टिकत नाही.

पिंगुळीच्या भोकातून उजेड जातो आणि जकार्डच्या भोकातून सुई. पुठ्ठ्यावर भोके पाडून माहिती साठवण्याची ही युक्ती पुढे मोजणीयंत्रांत गेली आणि तिथून संगणकात. चौकटीच्या कागदाचे पडद्यावरचे ठिपके झाले. १९७४ मध्ये युटा विद्यापीठात एड कॅटमल यांनी आपल्या प्रबंधात संगणकातल्या वक्र पृष्ठभागावर चित्र गुंडाळण्याची रीत मांडली. आकार वळला तर पोतही त्याच्या अंगावरून वळेल, ही हमी गणिताने दिली. १९८२ च्या ‘ट्रॉन’ या चित्रपटावर काम केलेल्या केन पर्लिन यांना संगणकी चित्रांचे गुळगुळीत यंत्रपण सलत होते. त्यांनी पुढच्या वर्षी एक असे सूत्र काढले की त्यातून संगमरवर, ढग, आग यांसारखा अनियमित पोत छायाचित्राशिवाय निर्माण व्हावा. ‘पर्लिन नॉइज’ या नावाने ते ओळखले जाते आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना ऑस्करचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. आफ्टर इफेक्ट्स आले १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका छोट्या कंपनीकडून. पुढच्याच वर्षी ते अडोबीकडे गेले. त्यातच आकार काढून भरण्याची सोय, म्हणजे शेप लेयर, २००७ मध्ये आली. त्या भरण्यात रंग होता, रंगांचा चढउतार होता, कापड नव्हते. कापड हवे असेल तर आजही दोन थरांचा खटाटोप करावा लागतो, आणि तिथेच आजीच्या डोळ्याला खटकलेली गोष्ट घडते.

या यंत्रांपुढे आपल्या कलावंतांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) आगपेट्यांवरची चित्रे जमवणाऱ्या एका वृद्धेचा; त्यांचा ‘बॉम्बे रोझ’ २०१९ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहात पहिला दाखवला गेला. त्यांनी चित्र न् चित्र रंगवणे पत्करले आणि अंगाचे उकळणे दोष न मानता श्वासासारखे वापरले. आयआयटी मुंबईत अध्यापन केलेल्या नीना सबनानी यांनी ‘टांको बोले छे’ (२००९) मध्ये कच्छच्या बायकांनी टाचलेल्या कापडांनाच हलते केले. टाका दिसतो, धाग्याची गाठ दिसते. पात्र सरकते तेव्हा ते कापडाच्या तुकड्यासारखेच सरकते, कारण ते तुकडाच असते. याउलट वारली चित्रांचे जे हलते अवतार जाहिरातींतून दिसतात, त्यांतले बहुतेक मला पोरके वाटतात. वारली आकृतीत भरण काही नसते, तांदळाच्या पिठाचा पांढरा तेवढा. तिचा सगळा पोत बाहेर, शेणागेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीत असतो. जाहिरातवाले आकृती उचलतात आणि भिंतीच्या जागी सपाट तपकिरी रंग ओततात.

पोताला माप असते, आकाराला नसते, हे मी वर म्हटले. लग्नाच्या व्हिडिओत त्याचा हिशेब असा. कापड स्कॅनरवर इंचाला ६०० ठिपके या दराने घेतले, तर १९२० ठिपके रुंदीचा पडदा भरायला ३.२ इंच कापड पुरते. तोच व्हिडिओ मंगल कार्यालयात १२ फूट रुंदीच्या एलईडी भिंतीवर लावला की त्या ३.२ इंचांचे ४५ पट होतात. अर्ध्या मिलिमीटरचा धागा सव्वादोन सेंटिमीटरचा दोर होतो आणि पैठणीचा काठ चऱ्हाट दिसू लागतो. दुकानातल्या मुलांकडे असलेली पैठणी तर स्कॅन केलेलीही नसते. कुठूनतरी उतरवून घेतलेली, लहान आणि ताणलेली असते. येवल्याच्या विणकराने प्रत्येक रंगाची कांडी वेगळी फिरवून, धाग्यात धागा अडकवून जो मोर उभा केला, त्याचा मजकूर त्या चित्रात उरलेलाच नसतो. उरतो तो मोराचा आकार. तयार मिळणाऱ्या संग्रहांत परदेशी कागद, गंजलेला पत्रा, विटांची भिंत हजारोंनी आहेत. वाकळ नाही, चटई नाही, सारवलेले अंगण नाही. मुले आळशी नाहीत. त्यांना जे मिळते ते भरतात.

म्हणून गेली दोन वर्षे मी आमच्या भागातले पोत मापासह जमवतो आहे. शेजारी पट्टी ठेवून, कापडाचे नाव, विणीचा प्रकार आणि कुठून आले ते लिहून. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या भंगारातून जकार्डच्या पट्ट्यांची एक माळ आणि चौकटीच्या कागदावरचे नऊ नकाशे मिळाले. त्यांतल्या पाचांवर भरणीच्या विणीचे आकडे पेन्सिलीने लिहिलेले आहेत. दुकानातला तो मुलगा ते आकडे बघून मला म्हणाला, “काका, हे तर फिलच आहे.” त्याने एका फुलाची भरणी जशीच्या तशी संगणकात उतरवली, कडेला कड जुळणारा चौकोन केला आणि आता तो ती वापरतो. फूल फिरले की वीण फिरते. वेग जास्त असेल तर डोळ्यांपुढे लाटा दिसतात, म्हणून तो फूल सावकाश फिरवतो.

घोंगडीने मात्र मला अडवले आहे. आमच्याकडच्या धनगरांची काळी घोंगडी चिंचोक्याची खळ दिलेल्या ताण्यावर विणलेली असते. काळी लोकर स्कॅनरचा उजेड पिऊन टाकते आणि वर आलेले केस काचेखाली चेपून जातात. पडद्यावर नुसते डांबर दिसते. सकाळी आठच्या सुमारास तिरक्या उन्हात अंगणात पसरून छायाचित्र घेतले तर केस न् केस उठून दिसतो, पण मग प्रत्येक केसाची सावली एकाच बाजूला पडलेली असते. असा पोत भरलेला आकार पडद्यावर उलटा फिरला की सावल्याही फिरतात आणि सूर्य पश्चिमेला उगवल्यासारखे वाटते. त्यावर उपाय म्हणून त्याच उन्हात घोंगडी एकेक पाव वळसा फिरवून चार छायाचित्रे घ्यायची आणि आकार फिरेल तसे एकातून दुसऱ्यात जायचे, असे त्या मुलाने सुचवले. चौथ्या पाळीपर्यंत ऊन वर चढते आणि सावली आखूड होते, त्यामुळे एका सकाळी दोनच छायाचित्रे पदरात पडतात.